जित्या माणसांचे दगड

सोमवार, १ सप्टेंबर

पहिले आली ती भगवंतराव सरपंचाची बायको. पानं वाढायचीच होती अजून अन् ही दारात! म्हणे, रुखमाआजी, तुमच्या घरासमोर गाडी थांबली, शहरातल्या दोन बाया उतरल्या. म्या म्हटलं, महालक्ष्म्या असतील व! आज त्यांचाच दिवस. दोघी घरात बसवल्या, दोघी बाहेर उभ्या! सूनबाईले हसू आवरेना, हातातल्या वाटीतली कढी सांडली.

त्या आल्या होत्या नसीमाकडं. आमच्या भिंतीपलीकडं नसीमाचं घर. पण दाराले कडी, कारण ती आमच्याच मागच्या अंगणात आंबिलीचं पातेलं घासू राह्यली होती. दरवर्षी घासते. मी नको म्हणते, ती ऐकत नाही, असं चालू हाये आमचं लग्न होऊन आल्यापासून.

मग दोघींले आधी जेवायलेच बसवलं. दारी आलेल्या बाईले आजच्या दिवशी उपाशी पोटी बोलू कसं द्यायचं? एक सुचिता, वकील हाये. चष्मा, चिमणीवानी खाणं. दुसरी मदिहा, तिच्यासोबत काम करते, वयानं लहान. तिनं पुरणाच्या पोळ्या अशा हाणल्या का माहा जीव थंड झाला. खाणारं माणूस मले आवडते. आमचे हे पण असेच होते. गणेश माहा पोरगा असून बापावर गेला नाही, अर्ध्या पोळीत हात धुते.

हात धुतल्यावर त्याइनं सांगितलं. गुलजारचं.

गुलजार म्हणजे नसीमाचा एकुलता एक. पिंजारी. माह्या घरातल्या सगळ्या गाद्या-रजया त्याच्या हातच्या. दर उन्हाळ्यात लांबच्या शहरात जाते, गल्लोगल्ली फिरून कापूस पिंजून देते, पाऊस लागला का घरी. यंदा पाऊस आला, तो नाही आला. त्याच्या खोलीतल्या पोराचा फोन आला— धरपकड झाली, गुलजारले नेलं. आधार कार्ड खोलीवर राह्यलं होतं. नाव ऐकलं, लुंगी पाह्यली, म्हणे तू बांगलादेशी! अरे, जो माह्या डोळ्यादेखत या गल्लीत जन्मला तो बांगलादेशी? गणेश दोनदा पोलिसात जाऊन आला. म्हणे ते तिकडलं प्रकरण, आमच्याकडं काही नाही.

नसीमानं त्या पोरीइले एकच इचारलं. "जिता हाये न?"

सुचिता म्हणाली, "चाची, खरं सांगते, आम्हाला कोणी काही सांगत नाही. जिथं कोंडलं होतं तिथून त्याला हलवलं, एवढंच कळलं. काही लोकांना सीमेपार नेऊन सोडलं म्हणतात. कोर्टात अर्ज केलाय."

मग मदिहा बोलली. जिथं माणसं कोंडली होती त्या फाटकासमोर याइनं नावाच्या लाकडी पाट्या रोवल्या होत्या. आत मेले त्यांच्या, अन् नेले त्यांच्याही. पाट्या उपटून फेकल्या. पुन्हा रोवल्या, पुन्हा फेकल्या. "तो दादी, अब जो जहाँ का है, वहीं उसका नाम लगाएंगे. ज्या रस्त्यानं तो निघाला, त्या रस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं, का हा इथला माणूस हाये अन् याले नेला."

मले तर पटलं बुवा.  नसीमा मात्र पुन्हा पातेलं घासायले गेली. घासून झालेलं होतं ते.

मंगळवार, २ सप्टेंबर

महालक्ष्म्या बोळवल्या. कंबर गेली. आता पुढल्या सालापर्यंत पुरणाचं नाव नको. (असं मी दरवर्षी म्हणते.)

नसीमा फोन उशाशी घेऊन झोपते. चार्जिंगले लावून लावून त्याचं पोट फुगलं. गणेश म्हणे, एखाद्या दिवशी फुटंन तो. तिले कोण सांगणार? मी नाही सांगत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

ग्रामपंचायतीसमोर बसले सगळे. मीही गेली. गुडघे नाही म्हणत होते, पण मी गुडघ्याइचं ऐकलं असतं त लग्नापासून घरातच बसली असती.

कोणी म्हणे लाकडाची पाटी लावा. वाळवी लागते. कोणी म्हणे लोखंडाची. ती दुसऱ्या दिवशी भंगारात जाईन! रवी टपरीवाला म्हणे, फ्लेक्स लावू, फोटोसकट, तीन दिवसात होऊन जाईन. म्या म्हटलं, काऊन रे, वाढदिवस हाये का त्याचा? सगळे हसले. हसू आलं का बरं वाटते, चार महिने झाले या गोष्टीनं नुसतं थकवलं आम्हाले. तेच बोलणं, तोच फोन, तेच "साहेब नाहीत, उद्या या".

शेवटी दगडावर आलं. आमच्या गावात दगड घडवणारा पुंजाजी. पाटे-वरवंटे करते, अन् कोणी मेलं का समाधीचा दगड. भगवंतराव म्हणे, "फाट्यावर लावा, माही ना नाही. पण ग्रामपंचायतीचं नाव कुठी येऊ देऊ नका." असा हाये तो. मनानं चांगला, पण पाय नेहमी उंबऱ्याच्या आत.

काय लिहायचं? यावर लय वेळ गेला. अन्यायग्रस्त लिहा, निषेध लिहा, काय काय. नसीमा मागं उभी होती. ती म्हणे, "या गावचा लिहा. बस."

तेच ठरलं. गुलजार रशीद पिंजारी. या गावचा.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज ईद-ए-मिलाद. गल्लीत झेंडे, पोरं नवे कपडे घालून. नसीमानं खीर नाही केली. मग म्याच शेवया केल्या, अन् भिंतीवरून वाटी दिली. चाखून म्हणे, साखर जास्त झाली.

बोलली तरी!

बुधवार, १० सप्टेंबर

काय सांगू आजचं. 

पुंजाजीनं दगड आणला, गल्लीतल्या ज्ञानेश्वरच्या ट्रॅक्टरमधी. काळा, गुळगुळीत, कमरेएवढा. सगळी गल्ली जमली. वर कापड टाकलं होतं. पुंजाजीनं ऐटीत कापड काढलं. वर चंद्र-सूर्य. मधात नाव, लय सुंदर, मलेसुद्धा वाचता आलं. अन् खाली— दोन पावलं!

पावलं कोणाच्या दगडावर काढते? मेलेल्याच्या! आमच्या मसणवट्यात जा, दर समाधीवर हायेत. अन् त्यातही मुसलमानाच्या पोराच्या नावाखाली! त्याइच्यात तर पावलं नसतेच.

 नसीमा पाहत राह्यली. मग पुंजाजीले म्हणे, अगदी हळू, "भाऊ, तुले कोणं सांगितलं तो गेला म्हणून?"

पुंजाजी गार. "नाही व बहीण... मले कोण सांगंन... दगड घेतला, नाव काढलं, अन् हात आपोआप खाली गेला. चाळीस वर्षं तसंच काढत आलो, चंद्र-सूर्य, नाव, पावलं. माह्या ध्यानातच नाही राह्यलं का हा जिता हाये."

"ध्यानात नाही राह्यलं!" मग मात्र ती सुटली. मीही तिले असं कधी पाह्यलं नव्हतं. पुंजाजीले बोलली, सरपंचाले बोलली, त्या शहरातल्या पोरीइले बोलली ज्या इथं नव्हत्याच. अन् मले म्हणे, "तूच लय नाचली व रुखमा! दगडावर नाव कधी येते माणसाचं? मेल्यावर! मले तवाच कळायले पाहिजे होतं. तुम्ही सगळ्याइनं मिळून माह्या पोराले मारून टाकलं. आता खरंच काही झालं त या दगडानं झालं म्हणीन मी!"

पुंजाजी बिचारा म्हणे, पावलं घासून काढतो. त नसीमा म्हणे, "काढलेले पाय पुसशील? म्हणजे पुन्हा घरी येऊ नये त्यानं?"  पुंजाजीनं कापड पुन्हा दगडावर टाकलं.

दगड कुठी ठेवावा? कोणाच्याच दारात कोणी ठेवू देईना. शेवटी माह्या अंगणात, तोंड खाली करून ठेवला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

नसीमानं भिंतीकडली खिडकी लावून घेतली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आजही लावलेलीच. सुनेनं मूग वाळत घातले त दगडावर घातले, मी ओरडली तिच्यावर. उगीच ओरडली. तिले काय माहीत त्याखाली पालथं काय हाये. माहीत हाये म्हणा.

शनिवार, १३ सप्टेंबर

प्रेरणा, माही नात, मले रोज इचारते, आजी लिहिलं का. तिच्याच मागल्या सालच्या वहीचे कोरे कागद हायेत हे. चौथीत माही शाळा सुटली अन् वरवट बकालहून बैलगाडीत बसून इथं आली. मले आज एक गोष्ट सुचली. त्या दिवशी वेशीवर कोणं इचारलं होतं का, का पोरी तू कुठली, कागद दाखव? म्हणे ही किसनची बायको, अन् झाली मी इथली. एवढंच लागलं. डोक्यावरचा पदर नीट करायच्या आत मी या गावची झाली होती!

दिवसभर हेच डोक्यात. संध्याकाळी पुंजाजीकडं गेली.

"पुंजाजी, माहा दगड काढ."

"आजी, तब्येत त बरी हाये न?"

"मले काय धाड झाली? दगड काढ म्हणते. माहं नाव. या गावची."

"जित्या माणसाचा कसा काढू व? हात चालत नाही."

"गुलजारच्या वेळी बरा चालला!"

 त्यानं दगड घडवायची टाकी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "अन् पावलं?"

"पावलंही काढ. माह्या या फाटक्या टाचाइसकट काढ. चंद्र-सूर्य काढ. जसं त्याचं तसंच माहं. मग पाहते ना कोण म्हणते पावलं मेलेल्याचीच असते!"

घरी येऊन सांगितलं त गणेश ताटावरून उठला. "माय, लोक काय म्हणतील? जित्या मायचा दगड मांडला! शेण घालतील तोंडात माह्या." म्या म्हटलं, बाबू, मी मेल्यावर तू कोणता मांडणार होता? तेरवीच्या दिवशी घाईघाईत सिमेंटचा ओटा केला असता, अन् नाव त्यात चुकीचं टाकलं असतं. आता निदान मले तपासून घेता येईन.

सूनबाई पदर तोंडात धरून हसत होती. ती पोरगी बरी हाये, मी उगीच बोलते तिले.

रविवार, १४ सप्टेंबर

खिडकी उघडली! आत उभी राहून म्हणे, "तुले मरायची लय घाई झाली का व?"

"घाई कायची? माहं नाव कसं दिसते ते पाहायचं हाये."

"अन् त्या दगडानं खरंच मेली त?"

"त तुले भांडायले दुसरी शोधावी लागंन."

हसली. दातात पदर धरून, पण हसली. मग तिथंच खिडकीच्या गजाले कपाळ लावून बसली, अन् मी इकडून भिंतीले पाठ लावून.  लय थकलो आम्ही दोघी.

बुधवार, १७ सप्टेंबर

माहा दगड आला!

काय सांगू, एवढा आनंद मले लग्नातही झाला नव्हता. (लग्नात तापच होता अंगात.) रुखमाबाई किसनराव. या गावची. मी बोट फिरवून फिरवून वाचलं. अक्षरं थंडगार लागते बोटाले. पावलं जरा लहान काढली पुंजाजीनं. म्या म्हटलं, माही पावलं एवढी नाजूक? म्हणे, आजी, लग्नातली काढली. लबाड बुढा!

अन् मग जे झालं ते माह्याही ध्यानीमनी नव्हतं. भगवंतरावाची म्हातारी माय आली काठी टेकत, पाह्यलं, अन् म्हणे माहाही काढ. ज्ञानेश्वर म्हणे, आजी पुढं अन् मी मागं कसा, माहा काढ. रवी टपरीवाला, ज्याले फ्लेक्स लावायचा होता, तोही. पुंजाजीनं डोक्याले हात लावला. "अरे सगळं गाव मारता काय मले मारता!" पण काम करते. रात्रीपर्यंत टाकीचा आवाज.

सगळ्याइचे दगड सारखे. सगळ्याइच्या दगडावर पावलं. आता कोणी सांगावं का त्यातला कोण मेला अन् कोण जिता.

शेवटी नसीमा आली. दगड पाह्यले सगळे. म्हणे, "माहाही काढ भाऊ. त्याच्या बाजूले. पावलं काढ. तो घरी येते तवा पहिले माहेच पाय धरते."

तिनंच मग आमच्या अंगणातला पालथा दगड सरळ करायले लावला. आपल्या ओढणीनं माती पुसली त्याची.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज घट बसले अन् आजच फाट्यावर दगड रोवले. एका रांगेत, धामणगाव बढ्याच्या रस्त्याकडं तोंड करून. मधात गुलजार. या बाजूले मी, त्या बाजूले नसीमा.

सुचिता अन् मदिहा आल्या होत्या. सुचितानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, "आजी, आम्ही एवढ्या गावांत गेलो, जिवंत माणसांनी स्वतःचे दगड लावलेले कुठे पाहिले नाहीत." म्या म्हटलं, बाई, चूक पुंजाजीची, आम्ही नुसती ती पसरवली. मदिहानं मले माह्याच दगडाशेजारी बसवून फोटो काढला. म्हणे दादी हसू नका, निषेध हाये. म्या म्हटलं, हसली नाही त लोक म्हणतील बुढी खरंच गेली!

एस.टी. थांबली फाट्यावर. कंडक्टर खाली उतरून एकेक नाव वाचू लागला, मोठ्यानं. गाडीतले लोक खिडकीतून पाहत. गुलजारच्या दगडाशी येऊन म्हणे, हा कोण? नसीमानं सांगितलं त्याले सगळं. पहिल्यापासून. पहिल्यांदाच ती अनोळखी माणसापाशी एवढं बोलली. गाडीले उशीर झाला, कोणी काही म्हटलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

सरकारी रस्त्यावाले आले. म्हणे हद्दीत हायेत, काढा. परवानगी कोणाची? भगवंतराव घरी नव्हता. (होता.)

गुरुवार, २५ सप्टेंबर

सकाळी गेलो त सगळे दगड आडवे. खालची माती उकरलेली. माहा त तोंडावरच पडलेला. रागही आला नाही मले, नुसती दमली. बसली तिथंच वावराच्या धुऱ्यावर.

अन् काय सांगू, गणेश आला. माहा गणेश, ज्याच्या तोंडात लोक शेण घालणार होते!  फाट्यालगतच आमच्या वावराचा कोपरा हाये, सोयाबीन हाये त्यात. त्यानं तिथलं पीक आपल्या हातानं उपटलं, हिरवंच. म्हणे, "हे आपलं हाये. आता येऊ दे कोणाले यायचं ते." दुपारपर्यंत सगळे दगड पुन्हा उभे. रस्त्यापासून दोन पावलं मागं, पण वाचता येते.

म्या त्याले पाणी दिलं त म्हणे, माय, नाव बरोबर हाये न तुहं? तपासलं न?

कारटं!

शनिवार, २७ सप्टेंबर

पाऊस पाऊस पाऊस. उभ्या सोयाबीनले कोंब फुटतील. कोणाच्याच चेहऱ्यावर पाणी नाही, सगळं वावरात.

सुचिताचा फोन. कोर्टात तारीख पुढं गेली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काही नाही. गुडघे.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज तिकडले माणसं आले! तिकडले म्हणजे त्या शहरातले, ज्याइनं नेलं त्याइच्यापैकी. जीपमधून दोघं. एक साहेब, एक लिहिणारा. आधी फाट्यावर थांबले. मी तिथंच होती, गवत काढत होती दगडाजवळचं.

साहेब म्हणे, "हे सगळे एकाच वेळी वारले?"

"नाही साहेब, हे जिते हायेत. ही मी." अन् दगडावर हात ठेवला.

तो दगडाकडं पाहे, माह्याकडं पाहे. लिहिणारा हसू दाबत होता. मग म्या समजावून सांगितलं. साहेब बरा होता तसा, दरडावणारा नव्हता. म्हणे, आम्ही गुलजारचीच ओळख पटवायले आलो. तो इथलाच का हे ठरवायचं हाये.

म्या म्हटलं, चला घरी, चहा घ्या, बसा, मी सांगते! अन् सांगितलं. नसीमा आली, पण चुलीपाशीच राह्यली, ओढणीचा कोपरा पिळत, म्हणून सगळं मीच सांगितलं. तो जन्मला तवा कापसाचे भाव पडले होते. त्याले गोवर झाला होता. पहिल्यांदा यंत्रावर बसला त कापूस सगळ्या गल्लीत उडाला, बाभळीवर, गायीवर, नसीमाच्या डोक्यात. आम्ही चार दिवस फुंकत होतो. लिहिणाऱ्यानं हे नाही लिहिलं.

साहेब म्हणे, "अंगावर काही खूण?"

अरे, खूण इचारता? डाव्या अंगठ्यात रजईची सुई आरपार गेली होती, नख दुभंगलं ते तसंच हाये. अन् कानामागं भाजल्याचा डाग, तो माह्याच चुलीवर भाजला, लहानपणी. उजव्या कानामागं. हे त्यानं लिहिलं. मग साहेबानं मोबाइलमधी काहीतरी पाह्यलं, लिहिणाऱ्यालेही दाखवलं. म्या म्हटलं, मले दाखवा ना! त्यानं खिशात ठेवला.

पण म्हणे, "ओळख पटली."

पटली! हाच शब्द. पटली म्हणजे तो सीमेपार नाही, याइच्याजवळच हाये! नसीमानं इचारलं, कसा हाये, कधी आणता. साहेब उठला. म्हणे, "माई, कागदपत्र होऊ द्या. सोमवारी येतो." चहा तसाच राह्यला. एवढा चांगला, आलं घालून केलेला.

जीप गेली अन् आम्ही दोघी बुढ्या अंगणात एकमेकीचे हात धरून उभ्या. मी त फुगडीच घातली असती, गुडघे असते त!

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटलं. नसीमानं गुलजारचं पिंजायचं यंत्र बाहेर काढून पुसलं, तेल घातलं. म्या त्याले दोन फुलं वाह्यली, दरवर्षी वाहते. ती वाहू देते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

नसीमानं पांढरी माती आणून घर पोतारलं. म्या म्हटलं, दिवाळी आमची हाये का तुमची? म्हणे, त्याले घाण आवडत नाही.

लय दिवसांनी मले नीट झोप लागली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

साहेब आले होते. सुचिता अन् मदिहाही आल्या.

गणपती बसले त्याच दिवशी गुलजार गेला. तिथं आतच, तापानं. कोणत्या देशाचा ते ठरत नव्हतं म्हणून आतापर्यंत दवाखान्याच्या थंड खोलीत ठेवला होता.

नसीमा रडली नाही. मले एवढंच इचारलं— "म्हणजे दगडाच्या आधीच न व रुखमा?"

हो बाई. आधीच.

गुरुवारी घेऊन येतो म्हणाले.